खाऊन बोला! कोल्हापूरला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की पुढच्या वेळी कोल्हापूर घेतोय, रस्त्यावरचं, खानावळीतलं, हॉटेलातलं, काय विचारायचं ते विचारा. पत्रं भरपूर आली. त्यातली निम्मी "तिखट झेपेल का हो" या एकाच काळजीची, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना "सगळ्यात बेस्ट मिसळ कुठली" ते एका वाक्यात हवंय. एका वाक्यात सांगितलं तर माझ्या घरावर मोर्चा येईल, कारण इथं प्रत्येक पेठेची आपली एक मिसळ असते आणि बाकीच्या सगळ्या "ठीक आहेत" असतात. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर तुमच्या प्रश्नावर डायरेक्ट उडी मारा.

प्रश्न : आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं शनिवारी सकाळी पोचतोय, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई शाकाहारी, आम्ही बाकीचे सगळं खातो. अंबाबाईचं दर्शन आहेच, पण खाण्याचा प्लॅन करून द्या ना.
(एक सून, डोंबिवली)

ताई, कोल्हापुरात कुठं खायचं याच्या आधी कधी खायचं ते ठरवा. बाहेरची माणसं गंडतात ती इथंच. दर्शन, मग खरेदी, मग रूमवर जरा आडवं व्हायचं, आणि दुपारी तीनला मिसळ शोधत हिंडायचं, मग कुठंतरी सकाळचा उरलेला, पाणी घालून वाढवलेला कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट लाल रस्सा, पुढ्यात येतो आणि घरी जाऊन सांगतात की कोल्हापुरी मिसळीत काय राम नाही. अहो मिसळ हा इथं सकाळचा विषय आहे. उद्यमनगरातली फडतरे घ्या, कसबा बावड्यातली बावडा मिसळ घ्या, नाहीतर गावातली चोरगे घ्या, सकाळी सुरू होतात आणि दुपारी माल संपला की शटर खाली. उद्यमनगर म्हणजे लेथ मशीन आणि फाउंड्रीवाल्यांचा भाग, तिथं माणूस कामावर जायच्या आधी पोटभर खाऊन जातो, तुमच्या दर्शनाच्या टायमिंगशी त्याला काय देणंघेणं नाही.

तेव्हा शनिवारी स्टेशनवरून रूमवर बॅगा टाका, आंघोळी करा आणि आधी मिसळ. सासूबाईंचा दर्शनाआधी न खाण्याचा नेम असेल तर मात्र दर्शन पहिलं, पण मग पहाटेच उरका, कारण शनिवार-रविवारी दहानंतर रांग कुठवर जाते ते बघून तुमचीच भूक मरेल. दुपारी जेवण. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारा, पोराला मक्याचं कणीस द्या, आणि तिथून खासबागेला येऊन राजाभाऊंची भेळ. ती मिळते ती खाऊगल्ली खासबाग कुस्ती मैदानाला लागून आहे, मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं, खाली खोलगट आखाडा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, आत डोकावता आलं तर मुलाला दाखवा. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा अख्खं गाव हळहळलं होतं ते हेच.

मटण रविवारी दुपारी ठेवा. शनिवारी मिळत नाही असं नाही, पण रविवारी इथं गल्लीगल्लीत तोच बेत असतो आणि खानावळीत भांडं दर अर्ध्या तासाला नवीन चढतं, ताजं मिळतं. गर्दी असते ती मात्र सहन करा, बाराच्या आत पोचलात तर जागा मिळेल, दीड वाजता गेलात तर बाहेर उभं राहून दुसऱ्याच्या वाट्या मोजत बसायचं.

सासूबाईंचं सांगतो. त्यांना मटणाच्या खानावळीत नेऊन "यांच्यासाठी एक व्हेज ताट" असं करू नका, मिळतं ते, पण तिथं ते नावापुरतं असतं. शनिवारी दुपारी सगळेच शाकाहारी जेवा, भाकरी, झुणका, भरलं वांगं, अख्खा मसूर, खर्डा, दही. अख्खा मसूर हा आमच्या कोल्हापूर-सांगली-कराड पट्ट्यातल्या ढाब्यांवरचा राजा माणूस आहे आणि बाहेर त्याचं फारसं नाव नाही याचं मला कायम आश्चर्य वाटतं. एकच गोष्ट टाळा, मेनूकार्डावरचं "व्हेज कोल्हापुरी". ती पंजाबी हॉटेलांची डिश आहे, तिचं आमच्याशी काय नातं नाही.

प्रश्न : मला तिखट अजिबात सहन होत नाही. ऑफिसच्या कामासाठी चार दिवस कोल्हापूर. जगेन का?
(घाबरलेला, नागपूर)

नागपूरचा माणूस सावजी सोडून कोल्हापूरला घाबरतोय, हे वाचून इथं ऑफिसात सगळे हसले. पण उत्तर देतो.

कोल्हापुरी म्हणजे जाळ, ही समजूत आमच्या लोकांनी नाही, बाकीच्या जगानं तयार केलीय. कुठल्याही ग्रेव्हीत लाल तिखट दुप्पट ओतलं, वर दोन सुक्या मिरच्या तळून ठेवल्या की झालं "चिकन कोल्हापुरी". इथल्या घरात ज्याला चटणी म्हणतात तो कांदा-लसूण मसाला असतो, उन्हाळ्यात वर्षाचा एकदम करून ठेवायचा, मिरचीबरोबर भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे आणि खडे मसाले, सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणायचं. मिरची पण एकच नसते. ब्याडगी रंगाला, ती तिखट कमी आणि लालभडक जास्त. संकेश्वरी चवीला आणि तिखटाला. कुणाला अजून झणका पाहिजे असला तर थोडी लवंगी. म्हणजे ताटातला रस्सा दिसायला जेवढा लाल असतो तेवढा तो तिखट असेलच असं नाही, तो लालपणा निम्मा ब्याडगीचा आणि वरच्या तेलाचा. खरं तिखट लागतं तेव्हा जिभेच्या शेंड्यावर न लागता जरा उशिरा, घशात आणि कानामागं लागतं, घाम येतो आणि नाक वाहतं, आणि माणूस परत वाटी पुढं करतो.

आता प्रॅक्टिकल. मिसळ घेताना "कट वेगळा द्या" म्हणा, उसळ-फरसाण ताटलीत आणि कट बाजूला वाटीत येतो, मग झेपेल तेवढाच घाला. लिंबू पिळा. दही मागवा, बरेच जण देतात, वेगळे पैसे पडतात. जेवताना पांढऱ्या रश्श्यापासून सुरुवात करा, आणि अळणी मिळत असेल तर मागा, अळणी म्हणजे मटण शिजवलेलं साधं पाणी, चटणी न घातलेलं, आमच्याकडं लहान पोरांना आणि आजाऱ्यांना तेच पाजतात. आणि तोंड भाजलं तर गार पाण्याचा ग्लास घशात ओतू नका, मिरचीतला जो जाळ असतो तो पाण्यात विरघळत नाही, तो तेल-तुपात विरघळतो, पाण्यानं फक्त तोंडभर पसरतो. दूध, ताक, दही हाच इलाज. चार दिवसांत तुम्ही दुसऱ्या दिवशीच कट मिसळीत ओतायला लागाल, ही माझी गॅरंटी.

प्रश्न : मिसळीबरोबर पाव सोडून ब्रेड देतात म्हणे तुमच्याकडं? हा काय प्रकार? आमच्या नाशकात पापड, दही, कुठं कुठं जिलबीसुद्धा देतात.
(मिसळप्रेमी, नाशिक)

देतात, जाड स्लाइस. पाव कटात बुडवला की पटकन मऊ पडून तुटतो, स्लाइस आधी कट पिऊन घेतो मग तोंडात विरघळतो, खाऊन बघा आणि मग बोला. आजकाल काही ठिकाणी पाहुण्यांसाठी पाव ठेवायला लागलेत, मागितलात तर मिळेल, पण शेजारच्या टेबलावरचे काका तुमच्याकडं एकदा बघतील.

जिलबीबद्दल मी बोलणार नाही, वाद वाढतो.

प्रश्न : मी एकटी फिरते, सोलो ट्रॅव्हलर आहे. मटणाच्या खानावळीत बाई एकटी जाऊन बसली तर ऑड वाटेल का? आणि ताट कसं खायचं, काय आधी काय नंतर, ते सांगा म्हणजे तिथं गांगरायला नको.
(वय २९, बंगळूर)

बिनधास्त जा. रविवारी दुपारी बहुतेक खानावळींत अख्खी कुटुंबं बसलेली असतात, आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत, बऱ्याच ठिकाणी फॅमिलीसाठी वेगळा हॉल असतो. दुपारची वेळ निवडा. रात्री दहानंतर हायवेच्या बाजूच्या काही ठिकाणी पिऊन आलेली टोळकी असतात, तिथं मी माझ्या बहिणीलाही जाऊ नको म्हणेन, पण ते कुठल्याही शहरात तसंच. गावात लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस, हायवेकडं ओपल, ही जुनी नावं आहेत, आणि त्याशिवाय राजारामपुरी-ताराबाई पार्क भागात घरगुती खानावळी खूप, कुणाला विचारलंत तर तो तुम्हाला त्याच्या काकांच्या मित्राच्या खानावळीत पाठवेल आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघेल.

ताट आलं की त्यात काय असतं बघा. सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू, शेवटी भात. काही ठिकाणी खिम्याची वाटी, अंडं, दही-कांदा, सोलकढी. स्पेशल ताट म्हणजे बहुतेक वेळा खिमा किंवा जास्तीचं सुकं, ऑर्डर देण्याआधी नेमकं काय जास्त आहे ते विचारून घ्या. ज्वारीची भाकरी घ्या, चपाती तुम्हाला बंगळुरातही मिळते.

आता क्रम. इथं नियम वगैरे नाही, पण माणसं करतात ते असं. पहिल्यांदा पांढऱ्याची वाटी तोंडाला लावायची आणि गरम गरम प्यायची, चमचा शोधू नका. त्यात मटणाचं पाणी, ओल्या नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजूचं वाटण आणि मिरी-लवंग-दालचिनीची फोडणी, दिसायला गरीब आणि आतून चांगलाच मसालेदार. मग तांबडा थोडा पिऊन बघा. मग भाकरीचा तुकडा मोडून सुक्याबरोबर, अधूनमधून तांबड्यात बुडवून, कांदा दाताखाली. तोवर वाढपी रश्श्याची बादली किंवा जग घेऊन येतो, दोन्ही रस्से बहुतेक ठिकाणी पाहिजे तेवढे मिळतात, सुकं मात्र मोजून असतं, ते परत मागितलं तर बिलात येतं. आणि शेवटी भात, त्यावर तांबडा ओतून कालवायचा. बाहेरची माणसं दोन भाकऱ्यांतच गार होतात आणि भाताला हात लावत नाहीत, ते करू नका, एक भाकरी कमी खा पण भात-रस्सा सोडू नका. माझं वैयक्तिक मत विचाराल तर अख्ख्या ताटात खरं जेवण तेच, बाकी सगळी त्याची तयारी.

रक्ती-मुंडी असं पाटीवर दिसलं तर ते बकऱ्याचं रक्त आणि डोक्याचं मांस, सकाळीच मिळतं आणि लवकर संपतं. आवडणाऱ्यांना फार आवडतं, पहिल्याच ट्रिपमध्ये घेतलंच पाहिजे असं काही नाही.

आणि मटण म्हणजे इथं गंमतीचा विषय नाही बरं का. २०१९ च्या अखेरीला दर चढले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, बैठका, निवेदनं, प्रशासनापर्यंत गेलं होतं प्रकरण. आषाढात मंगळवार-शुक्रवारी तालमी आणि मंडळं पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाई देवीच्या टेकडीवर नेऊन पायरीवर ओततात आणि मग घरोघरी मटणाचा बेत, त्या दिवसांत आलात आणि कुणी जेवायला बोलावलं तर खानावळ रद्द करा आणि तिकडं जा.

प्रश्न : दुबईत राहतो, मूळ इचलकरंजीचा. घरी पांढरा रस्सा करायला जातो आणि दर वेळी फुटतो, वर पाणी खाली चोथा. शिवाय इथं खसखस आणता येत नाही, कायद्यानं बंदी आहे. काय करू?
(रश्श्यासाठी आसुसलेला, दुबई)

खसखस आणू नका, चुकून बॅगेत राहिली तरी लफडं होईल, आईला पण सांगून ठेवा पार्सलात घालू नको म्हणून. तिच्याशिवायही होतो. काजू आणि पांढरे तीळ घ्या, जोडीला थोडी मगज बी, सगळं गरम पाण्यात तासभर भिजवून अगदी गंधासारखं बारीक वाटा आणि गाळून घ्या. गाळायचा कंटाळा केलात तर खाली चोथा बसणारच.

फुटायचं कारण जवळजवळ नेहमी एकच, नारळाचं दूध घातल्यावर खळाखळा उकळी. मटण आलं-लसूण-मीठ लावून भरपूर पाण्यात आधी शिजवून घ्या, हळद नको, घातलीच तर चिमूटभर, नाहीतर पांढरा पिवळा होतो. ते पाणी गाळून जरा कोमट होऊ द्या. पातेल्यात तूप, त्यात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, तमालपत्र आणि चिरलेली हिरवी मिरची. मग वाटण घालून मंद आचेवर परता, लाल होऊ द्यायचं नाही, आणि मटणाचं पाणी थोडं थोडं घालत ढवळा. याला उकळी येऊ दे, हरकत नाही. गॅस बारीक करून नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आणि तिथून पुढं हात थांबवायचा नाही, कडेला बारीक बुडबुडे आले की बंद. लिंबू पातेल्यात पिळू नका, ज्याला पाहिजे त्यानं वाटीत पिळावं. परत गरम करताना पण हेच, मायक्रोवेव्हमध्ये फुल पॉवरवर ठेवाल तर फुटणारच. डब्यातलं नारळाचं दूध चालतं, पण घट्ट असेल तर आधी पाणी घालून सैल करा.

प्रश्न : गंगावेशीत समोर म्हैस पिळून दूध देतात ते प्यावं का? यूट्यूबवर बघून फार इच्छा झालीय.
(दोन मुलांची आई, ठाणे)

दूधकट्टा बघायला नक्की जा, रात्री जेवणानंतर. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, माणूस समोर धार काढतो आणि फेसाळ ग्लास हातात. हे शहर तालमीचं, पैलवानाच्या खुराकात दूध पहिलं, त्यातून ही सवय आली आणि घरोघरी पसरली, अजून टिकलीय. इथला दूधधंदा पण तसाच दांडगा, गोकुळ म्हणजे जिल्ह्याचा दूध संघ १९६३ पासून आहे.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो, कच्चं दूध ते कच्चंच. धार कितीही ताजी असली तरी जनावराला ब्रुसेलोसिस किंवा टीबी असेल तर तो दुधातून येऊ शकतो आणि बघून ते कळत नाही. धडधाकट माणसानं आपल्या जबाबदारीवर प्यावं, मी पितो. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं, नुकतंच आजारातून उठलेले, यांना देऊ नका. मुलांना तिथला फेस दाखवा आणि येताना कोल्ड्रिंक हाऊसमध्ये कॉकटेल आइस्क्रीम खायला घाला, त्यांना तेच जास्त आवडेल.

प्रश्न : शिवाजी विद्यापीठात ॲडमिशन झालंय. महिन्याचं बजेट टाइट. मेस लावू का रोज बाहेर खाऊ?
(एमएस्सी पहिलं वर्ष, लातूर)

मेस लाव. विद्यापीठ, सायबर चौक, राजारामपुरी या सगळ्या भागात मेस आणि डबेवाल्या मावश्या भरपूर आहेत. पण पहिल्याच दिवशी महिन्याचे पैसे भरू नकोस, आधी कूपनावर किंवा रोखीनं थोडे दिवस जेवून बघ, आणि एखादी वेळ मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री उशिरा जा, तेव्हा जे ताटात येतं ती त्या मेसची खरी लेव्हल. सुट्टीला गावी गेलास तर खाडे धरतात का, हे आधीच विचार, भांडणं त्यावरूनच होतात. आणि रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, त्या रात्रीसाठी वडा, कटवडा, भेळ आहेच. कटवडा म्हणजे मिसळीच्या कटात बुडवलेला बटाटेवडा, एका प्लेटमध्ये पोट भरतं.

प्रश्न : एका साध्याशा हॉटेलात जेवलो, बिलात जीएसटी शिवाय सर्व्हिस चार्ज. विचारलं तर म्हणे "सगळे देतात". बरोबर आहे का हे?
(एक वाचक, सांगली)

नाही. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाच्या बाजूनं निकाल दिला. काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. टिप द्यायची असेल तर वाढणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

जीएसटी वेगळा, तो साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. पण कंपोझिशन स्कीममधला, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतला, दुकानदार असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून टॅक्स वेगळा घेताच येत नाही, तसं त्यानं बिलावर लिहायचं असतं. तेव्हा टॅक्स लावलाय आणि बिलावर जीएसटी नंबरच नाही, असं दिसलं तर विचारा. आवाज न चढवता विचारा, दहातल्या आठ वेळा काउंटरवरच मिटतं.

प्रश्न : गाड्यावर खाताना स्वच्छ कुठलं आणि घाण कुठलं, कसं ओळखायचं? माझं पोट लगेच बिघडतं.
(नाजूक पोटाचा, औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

पाटीवर किंवा काउंटरवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर आहे का बघा, हे झालं कागदोपत्री. डोळ्यांनी बघायचं ते वेगळं. मी आधी गाड्याची मागची बाजू बघतो, प्लेटा कुठं आणि कशात धुतल्या जातायत. एकाच बादलीत बुडवून काढत असतील तर पुढं. चिरलेला कांदा-कोथिंबीर झाकलीय का. पैसे घेणारा हात आणि भेळ कालवणारा हात एकच आहे का, क्यूआर कोड आल्यापासून हे बरंच सुधारलंय बाकी. गर्दी असेल तिथं खा, माल पडून राहत नाही.

उकळता कट, तव्यावरचं, तेलातून आत्ता काढलेलं, हे सगळं त्यातल्या त्यात सेफ. पोट बिघडवतात त्या गार गोष्टी, पाणीपुरीचं पाणी, पातळ केलेली चटणी, बर्फ, सकाळी चिरून ठेवलेली काकडी. लोक बिचाऱ्या तिखटाला शिव्या देतात आणि खरा चोर बर्फ असतो.

आणि वर्तमानपत्राच्या कागदावर भजी-वडे घेऊ नका, शाईतली रसायनं तेलात उतरतात, एफएसएसएआयनं हे वापरायला मनाई केलीय. आमचं मासिक पण त्यासाठी वापरू नका, वाचा.

प्रश्न : एक दिवस जास्तीचा आहे, शहराबाहेर कुठं जाऊ? खायलाही मिळालं पाहिजे.
(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

गुरुजी, दोन दिशा आहेत. पन्हाळा साधारण वीस किलोमीटर, वाटेत जोतिबा करता येतो, गडावर झुणका-भाकर, खर्डा, मडक्यातलं दही, पावसाळ्यात गेलात तर धुक्यात बसून गरम भाकरी म्हणजे काय सांगायचं. दुसरी, नरसोबाची वाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं स्थान, आणि तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी आंबटगोड असते, बाहेर सहसा मिळत नाही, तीच आणा, पेढे कुठंही मिळतात. गोड कमी खायला सांगितलं असेल डॉक्टरांनी तर पन्हाळा.

प्रश्न : पुण्यात कोल्हापूरच्याच एका नावाची पाटी लावलेल्या ठिकाणी मिसळ खाल्ली, निराश झालो. मूळ गावात तरी तशीच असते का? आणि येताना काय घेऊन यावं? मिसळ पार्सल टिकते का?
(एक वाचक, कोथरूड)

नावं सगळीकडं दिसतात हो, एखाद्याची शाखा असते, एखाद्यानं फ्रँचायझी घेतलेली, एखाद्यानं नुसती पाटी रंगवलेली. तिथं बसून खा आणि मग ठरवा. एवढं मात्र बघा की तिथं ती सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत मिळत असेल, शेजारी पावभाजी आणि चायनीज पण असेल, तर तो कट दिवसात किती वेळा पाणी घालून उकळला असेल याचा अंदाज तुमचा तुम्हीच करा. इथं एक माणूस एकच पदार्थ करतो आणि संपला की घरी जातो, फरक त्यात आहे.

पार्सल नेऊ शकता, पण कालवलेलं नको. उसळ, कट, फरसाण तिन्ही वेगळं बांधून घ्या, कांदा घरचा चिरा. सकाळी नऊला घेतलंत आणि दुपारी दोन-तीनला पुण्यात खाल्लंत तर ठीक, त्यापुढं मोड आलेली मटकी आंबते, उन्हाळ्यात तर गाडीतच. कट घरी गेल्यावर चांगला खळखळून उकळा. हे सगळं करूनही ते इथल्यासारखं लागणार नाही, कारण स्लाइस तुमच्या बेकरीचा असेल.

त्यापेक्षा चटणी घेऊन जा, कांदा-लसूण मसाला. बचत गटाच्या बायका करतात, डंकाच्या दुकानांत मिळते, सुटी घ्या म्हणजे वास घेऊन बघता येईल, लसूण आणि भाजक्या खोबऱ्याचा वास आला पाहिजे, नुसती मिरची नाकात गेली तर सोडून द्या. पाव किलोपेक्षा जास्त नेऊ नका पहिल्यांदा. घरी गेल्यावर काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, मधे एक-दोन हिंगाचे खडे ठेवा, चमचा कोरडा, कांद्याचा ओलावा असतो त्यामुळं पावसाळ्यात फ्रिजमध्ये गेलेली बरी. आणि भडंग घ्या, जयसिंगपूर-सांगली भागाचं असलं तर उत्तमच, चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट, प्रवासात एक पाकीट हमखास संपतं म्हणून दोन घ्या.